निळ्या कव्हरवरचे पळीपापड

रोह्याच्या वाऱ्याला मी शिव्या घालायला लागले की आमच्या शाळेतल्या बाया हसतात. त्यांना वाटतं वारा तो वारा, त्यात एवढं काय. त्यांनी एकदा मे महिन्यात आमच्या जागेवर येऊन राहावं. सकाळी पान हलत नाही, माणूस घामाने निथळतो. आणि ऊन चढलं की कुंडलिका नदीच्या बाजूने जो सुटतो, तो दिवेलागणीपर्यंत थांबायचं नाव घेत नाही. दोरीवरचे परकर कुंपणापलीकडे जाऊन पडतात. अशा वाऱ्याच्या तोंडावर आम्ही शहाण्यांनी पोहायचा तलाव बांधून ठेवलाय.

आम्ही म्हणजे माझ्या नवऱ्याने. आमचं घर पेणला, रामवाडीत. मी पेणच्या शाळेत शिकवते, तो डोलवीला कंपनीत आहे. रोह्याच्या पुढे सासऱ्यांची जमीन होती, तिथे पूर्वी भात व्हायचं. सासरे गेले, भात संपलं, गवत माजलं. मग ह्याने तिथे चार खोल्या बांधल्या, शनिवार-रविवार मुंबईच्या लोकांना राहायला द्यायला. फोन आला की लोकांचा पहिला प्रश्न, पूल आहे का? खोल्या कशा आहेत, जेवण काय, ते सगळं नंतर. म्हणून मग पूल.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. त्या पेणलाच, पण थोरल्या दिरांकडे राहतात. सत्तरी कधीच ओलांडली, अंगाने काटकुळ्या, गुडघे गेलेले, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. "मे महिन्यात बाया डोकीवर हंडे घेऊन वणवण फिरतात आणि तू मुंबईच्या लोकांना लोळायला पाणी भरणार? तुझ्या बापाच्या शेतात? मी जिती हाय तोवर नाय!" असं त्यांनी सुनावलं आणि पोटच्या पोराशी बोलणं टाकलं. पुढे कधीतरी नवरा मला म्हणाला, "आईला समजावलंय मी. ऐकलं तिने. फक्त तिच्यासमोर तो विषय काढू नकोस, राग आहे अजून." मला नवल वाटलं. ही बाई ऐकून घेणारी नव्हे. पण आई आणि लेक, त्यांचं ते बघून घेतील म्हणून मी गप्प बसले.

पूल झाला, आणि मग सुरू झालं कव्हरचं रामायण. पाला, धूळ, मोहोर, सगळं पाण्यात येतं म्हणून पूल झाकायचा. पहिलं कव्हर पातळ होतं, बुडबुड्यांचं. ते पहिल्याच दुपारी उडालं आणि शेजारच्या आंब्यावर जाऊन बसलं. मग ह्याने काठाला विटा ठेवल्या. वाऱ्याने कव्हर उचललं की विटा टपाटप पाण्यात. हा बुड्या मारून विटा काढतोय आणि मी काठावर उभी राहून त्याचा उद्धार करतेय, असे आमचे रविवार जायचे. मग वाळूच्या गोणी झाल्या, त्या फुटल्या आणि वाळू पाणी गाळायच्या मशीनमध्ये जाऊन अडकली. मग पाण्याने भरलेले कॅन आणले, ते गडगडत जाऊन तुळशीवर आदळले. मी म्हटलं, बाबा रे, आता तूच झोप त्याच्यावर आडवा, म्हणजे प्रश्न मिटला!

शेवटी ह्याने बाजेची युक्ती काढली. होड्यांना लागतो तसला जाड नायलॉनचा दोर आणला. पुलाच्या चारी बाजूंना जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकल्या. बाज विणतात तसा उभा-आडवा दोर पाण्यावर ताणला, त्यावर नवं जाडजूड निळं कव्हर घातलं आणि त्याच्या कड्या पुन्हा त्याच खुंट्यांना आवळल्या. कव्हर काठाच्या फरशीवर चांगलं हातभर बाहेर यायचं. वरून बघणाऱ्याला खाली पाणी आहे हे सांगूनही पटलं नसतं. वारा आला की ते जरासं फुगायचं आणि परत खाली बसायचं, बस. नवरा इतका खूश झाला की आल्यागेल्याला नेऊन दाखवायचा. आंब्याकडच्या कोपऱ्यातली खुंटी मात्र हलायची. ते मी त्याला रोज सांगायचे आणि तो रोज म्हणायचा, उद्या बघतो.

त्या मे महिन्यात शाळेला सुट्टी म्हणून मी तिथेच राहायला गेले होते, आणि सासूबाई एकदम म्हणाल्या, मी पण येते. पूल झाल्यापासून त्या पहिल्यांदाच येत होत्या. पेणच्या गच्चीवर कबुतरं वाळवण नासवतात, रोह्याचं ऊन स्वच्छ, हे त्यांचं कारण. आल्या त्या संध्याकाळी मागच्या अंगणात कमरेवर हात ठेवून त्या निळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, आता तोफ सुटणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बराच मोठा केलाय हो." आणि आत गेल्या. मी देवाचे आभार मानले. म्हातारी निवळली, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नवरा तिथूनच पहिल्या शिफ्टला गेला. सासूबाईंनी पहाटेच उठून साबुदाण्याचं पीठ शिजवलं होतं, पळीपापड घालायला. ज्यांनी कधी घातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, हे पापड लाटायचे नसतात. गरम पीठ पळीने प्लास्टिकच्या कागदावर ओतायचं, पळीच्या बुडाने गोल फिरवायचं आणि उन्हात सोडून द्यायचं. वाळले की आपोआप सुटतात. मी विचारलं, कागद कुठे अंथरू? "तू तुझे कपडे धू," त्या म्हणाल्या, "मी बघते माझी जागा." मी धुण्याला लागले. धुऊन झाल्यावर बादली घेऊन मागच्या बाजूला आले.

बादली माझ्या हातातून कधी पडली ते मला आजही आठवत नाही.

कव्हरवर पापड होते. ओळीने, पांढरेशुभ्र, चकचकीत, ताटलीएवढे गोल. आणि पुलाच्या अगदी मधोमध, जिथे पाणी पुरुषभर खोल आहे, तिथे माझी सासू उकिडवी बसली होती. शेजारी पितळी पातेलं, हातात पळी. एक पापड घालायच्या, जराशा मागे सरकायच्या, पुढचा पापड घालायच्या. फरशी पुसताना आपण मागे मागे येतो ना, तशा. त्यांच्या वजनाने कव्हर खोलगट झालं होतं आणि दोर कुरकुरत होते.

ओरडावंसं वाटलं पण तोंडातून आवाज फुटेना, आणि फुटला नाही तेच बरं झालं. कारण दुसऱ्या क्षणी मनात आलं, ही बाई दचकून ताडकन उठली तर? त्या गुडघ्यांवर तोल गेला तर? मला पोहता येत नाही. पूल असलेल्या घरातली मी बाई, मला पाण्यात तोंडही घालता येत नाही. जवळचं घर हाकेच्या पलीकडे, आणि तिथल्या लोकांना बोलवायला धावले तर मागे काय होईल, या विचाराने पाय उचलेना.

माझ्या डोक्यात एकच, की ह्यांना पाणी आठवलंच कसं नाही? एवढं भांडण झालं होतं त्या पाण्यावरून! की विसरल्या? वय झालं म्हणून हे सुरू झालं की काय?

"आई," मी जमेल तेवढं साधं बोलले, "झाले की बरेच. या आता, चहा टाकते."

"चहा कसला गो? अर्धं पातेलं हाय अजून. ये, दुसरी पळी घे नि त्या बाजूने घाल. उभी काय राहिलीस खांबासारखी?"

आता आली का पंचाईत! माझं वजन ह्या चारचौघांत कशाला सांगू, पण सासूबाईंच्या दुप्पट तरी नक्की. मी पाय ठेवला असता तर दोघी एकदमच गेलो असतो. काहीतरी कारण हवं होतं, ताबडतोब. आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. मी म्हटलं, "नाही हो आई, मला आज शिवायचं नाही."

पळी हवेतच थांबली. "या वयात?"

"वयच तसं आहे ना आई. कधीही होतं."

"मग लांब हो गो! सावली पाडू नको, पापड लाल पडतील माझे!"

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं झालं. पेणच्या बायांना पापडाच्या दिवसांत हे कारण सांगायचं म्हणजे दार आपल्याच हाताने लावून घ्यायचं, हे मला कळायला नको होतं? आता मी एक पाऊल पुढे टाकलं की त्या दोन पावलं मागे जात होत्या, आणि मागे होता आंब्याकडचा कोपरा. हलणाऱ्या खुंटीचा.

तेवढ्यात वारा आला.

आधी आंब्याची पानं वाजली. मग कव्हरची पुढची कड फडफडली आणि सगळं निळं पोट हळूच वर फुगलं. सासूबाई त्याच्यावर बसल्या बसल्या वर उचलल्या गेल्या आणि खाली आल्या. त्यांनी फक्त पातेलं धरलं. आंब्याकडची खुंटी मातीतून मान वर काढायला लागली. मी धावले आणि सरळ त्या खुंटीवर, दोरासकट, बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन कामी येत होतं. बसल्या जागेवरून हात लांब केला. त्या आता चार हातांवर होत्या.

"आई, पातेलं राहू द्या तिथे. मला हात द्या. हळूच या."

"शिवू नको म्हटलं ना! वेड लागलंय का तुला आज?"

"आई, तुमच्या पाया पडते, हात द्या!"

"पापड झाल्याशिवाय मी उठायची नाय."

मग माझा संयम सुटला. तसाही तो फार कधी नसतोच. मी ओरडले, "अहो आई, खाली पाणी आहे! पूल आहे तो! तुम्ही पाण्यावर बसल्या आहात!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. खरंच हसल्या, लहान पोराने बाता मारल्या की हसतात तशा.

"पाणी? अगो, खाली कोबा हाय. माझ्या पोराने सांगितलं ना मला. तळ्याचं रद्द केलंय आई, म्हणाला, तुझा शब्द मोडणार नाय. लोकांना बसायला नुसता सिमेंटचा कोबा केलाय. ओला हाय अजून, म्हणून पेंढा घालून पाणी मारलंय नि वर कापड टाकलंय. म्हणून तर मऊ लागतंय ते."

मी थिजले. खुंटी, वारा, पापड, सगळं विसरले. हे समजावलं होतं त्याने! विषय काढू नकोस म्हणाला होता तो ह्यासाठी! म्हातारी निवळली म्हणून मी देवाचे आभार मानत बसले होते, आणि तिने बघितला होता तो कोबा. लेकाने आईचा शब्द राखून केलेला कोबा.

"खोटं सांगितलं त्याने तुम्हाला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "आई, देवाशपथ खोटं सांगितलं."

त्यांचा चेहरा बदलला. सुनेने लेकाला खोटारडा म्हटलेलं कुठल्या सासूला खपेल? त्या पळी टेकून उभ्या राहिल्या. त्या गुडघ्यांवर, त्या हलत्या कव्हरवर, सरळ ताठ उभ्या राहिल्या.

"माझा पोरगा माझ्याशी खोटं बोलेल? ही बघ जमीन!" असं म्हणून त्यांनी टाच आपटली.

खुंटी माझ्या खालून अशी निसटली की मी उताणी पडले. उठून बघते तर कोपरा आत गेलेला, दोर सैल पडलेले, पातेलं गडगडत जाऊन बुडालेलं आणि सासूबाई कव्हरच्या खोळीत कमरेपर्यंत पाण्यात. पाणी कव्हरच्या कडेवरून खोळीत ओसंडत होतं. बघता बघता छातीपर्यंत आलं. पापड ओले होऊन त्यांच्या अंगाला चिकटले होते. त्या ओरडत नव्हत्या. तोंड उघडं आणि डोळे माझ्यावर. त्या डोळ्यांत भीती नव्हती हो, नुसतं आश्चर्य होतं. तेच मला अजून दिसतं.

पाला काढायच्या जाळीचा लांब दांडा भिंतीला टेकवलेला होता. तो कसा आणला, पालथी कशी पडले, काही विचारू नका. दांडा पुढे केला आणि किंचाळले, "धरा!" त्यांनी धरला. माझा हात धरला नसता कदाचित, पण दांड्याला विटाळ नव्हता. ओढत ओढत काठाशी आणलं, मग काखेत हात घालून बाहेर घेतलं. फरशीवर दोघी पडून राहिलो. कोपर सोलवटलं होतं माझं, बांगड्या फुटल्या होत्या. मला रडू आवरेना. रडत रडतच मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही आई. शिवायचं नाही म्हटलं ते खोटं होतं. तुम्हाला घाबरवायचं नव्हतं म्हणून."

त्यांनी ओल्या पदरानेच तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "तू पण?"

एवढं एकच बोलल्या. त्या 'पण'ने मला जे झोंबलं, ते आयुष्यभराच्या सासुरवासाने झोंबलं नव्हतं.

मी त्यांच्या अंगावर चादर घातली, चहा पाजला. कुठे लागलंय का बघितलं. खरचटलं होतं थोडं, बाकी काही नाही. मग मी फोन उचलला. नवऱ्याला जे काही ऐकवणार होते ते कंपनीच्या गेटपर्यंत ऐकू गेलं असतं. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"नाय. त्याला सांगायचं नाय. तो आला की तू तोंड उघडायचं नाय. मी बोलेन."

"अहो, पण—"

"मी बोलेन म्हटलं ना."

मी आंघोळीला पाणी तापवलं. त्यांच्या अंगाला पुलात टाकायच्या औषधाचा वास येत होता, केस चिकट झाले होते. त्या नको म्हणाल्या. लुगडं बदललं, केसांना पंचा घट्ट गुंडाळला आणि पुढच्या ओसरीवर जाऊन बसल्या. जेवल्याही नाहीत. मी दोनदा म्हटलं, आई, निदान डोक्यावरून पाणी घ्या, सर्दी होईल. "राहू दे," म्हणाल्या. मला वाटलं, धसका घेतलाय, पाण्याजवळ जायलाही घाबरताहेत.

नवरा चारच्या सुमारास आला. पुढच्या दारानेच आला, मागे काय झालंय ते दिसायचा प्रश्न नव्हता. पिशवी ठेवली, तोंड धुतलं, आईशेजारी येऊन बसला. मी चहा दिला. त्याच्याकडे बघवत नव्हतं मला. हात शिवशिवत होते.

"काय आई, झाले का पापड?"

"झाले."

"कुठे घातलेस?"

"घातले मागे." सासूबाईंचा आवाज अगदी साधा होता. "काय रे, त्या निळ्याखाली काय हाय म्हणालास तू?"

मी दाराला धरून उभी होते. मनातल्या मनात म्हणत होते, सांग. आत्ता तरी सांग. ती तुला वाट करून देतेय, मूर्खा, सांगून टाक.

नवऱ्याने चहाचा घोट घेतला. डोळ्याची पापणीही हलली नाही त्याची.

"कोबा. सांगितलं ना तुला."

"घट्ट हाय?"

"अगं, ट्रक उभा केलास तरी हलायचा नाही."

सासूबाईंनी मान हलवली. मग दोन्ही हात वर नेऊन त्यांनी डोक्याचा पंचा सोडला. पिकलेले केस खांद्यावर पडले, चिकट, ओलसर, कुठे कुठे साबुदाणा लागलेले. आणि क्लोरिनचा वास ओसरीभर झाला. दर रविवारी जे औषध नवरा स्वतःच्या हाताने पाण्यात टाकतो, मग दिवसभर ज्याचा वास त्याच्या बोटांना येतो, तोच.

"सकाळपासून वाळत नायत बघ," असं म्हणून त्यांनी डोकं लेकाच्या पुढ्यात वाकवलं. "हात लावून बघ जरा."

त्याने हात पुढे केला नाही. कप वाकडा झाला होता, चहा त्याच्या पँटवर सांडत होता, आणि गरम चहा मांडीवर पडतोय हे त्याला कळत नव्हतं.